पाहुणे उठवणारा हामूर

आता ही फजिती कुठून सांगायला घेऊ? आधी चहा संपवा बघू. मधेच ठसका लागला तर दोष पुन्हा माझ्याच माथी येईल!

गोष्ट रियाधची. फोनचं कार्ड खरवडून, त्यावरचा लांबलचक नंबर दाबून घरी बोलायचे ते दिवस. मी एका कंपनीत कॉम्प्युटर विभागात होतो आणि अल मलाझमध्ये एका खोलीत एकटाच राहायचो. माझी बायको सुप्रिया अलिबागला. लग्नाला वर्ष झालेलं, त्यातले आठ महिने मी तिकडे आणि ती इकडे! तिला आणायचं तर फॅमिली व्हिसा हवा, आणि व्हिसासाठी साहेबाच्या सहीचं पत्र हवं.

साहेब म्हणजे अबू नासर. माणूस दिलदार, पण पत्राचा विषय काढला की एकच उत्तर, "इन्शाल्ला, पुढच्या आठवड्यात!" तो पुढचा आठवडा काही उजाडत नव्हता. सुप्रिया दर फोनला विचारायची, "झाली का हो सही?" आणि मी हवापाण्याच्या गप्पा सुरू करायचो.

एकदा दुपारी जेवताना अबू नासर म्हणाला, "मासा खावा तर निखाऱ्यावरचा." आणि माझ्या जिभेला काय झालं कोण जाणे!

"साहेब, अलिबागच्या माणसाला मासा सांगताय? लाकडावर, धुरावर मासा भाजणं हे तर आमचं घरचं काम!"

आता यात खोटं काही नव्हतं बरं का. काम घरचंच होतं. फक्त ते आई करायची, काकू करायची, माझ्याकडे खायचं खातं होतं!

अबू नासरचे डोळे चमकले. "मग ठरलं! गुरुवारी माझे काका येतायत, हफ्र अल बातिनहून. अबू सालेह. आमच्या घराण्यातले सगळ्यात थोरले. किती वर्षांनी माझ्याकडे जेवणार आहेत! मासा तू करायचास. आणि ते तुझं पत्र घेऊन ये. जेवण झालं की निवांत सही करतो. यल्ला, लाग तयारीला!"

मी उडतच खोलीवर आलो आणि सुप्रियाला फोन लावला.

"तुम्ही मासा भाजणार?" ती किंचाळलीच. "अहो, तुम्हाला गॅस पेटवता येत नाही!"

"लाकडाला गॅस लागत नाही," मी म्हणालो. "तू फक्त कृती सांग."

तिने सांगितली. आलं-लसूण, हळद, तिखट, कोकमाचं आगळ. "आणि हे बघा, जाळ नको, धूर हवा. सगळी चव धुरात असते. आपण नारळाची सोडणं टाकतो ना, तसं तिथे काहीतरी वासाचं..." आणि कार्ड संपलं. काहीतरी वासाचं! हे दोन शब्द माझ्या डोक्यात पक्के बसले.

गुरुवार म्हणजे तेव्हा तिथली सुट्टी. अबू नासरची शहराबाहेर इस्तिराहा होती. म्हणजे भिंतीच्या आत बाग, बाहेर बसायला गालिचे आणि पाहुण्यांसाठी एक मोठी बैठकीची खोली. थंडीचे दिवस, दुपारचं कोवळं ऊन, त्यामुळे पंधरा-वीस मंडळी बाहेर गालिच्यांवरच बसलेली. मधोमध काका अबू सालेह. पांढरी दाढी, ताठ कणा, आवाज हळू. ते बोलले की बाकीचे गप्प. अबू नासर, ज्याला ऑफिसात सगळे टरकायचे, तो स्वतः कॉफी ओतत होता!

मागच्या बाजूला युसूफभाईंचं राज्य. हे हैदराबादचे आचारी. त्यांनी जमिनीतल्या खड्ड्यात निखाऱ्यांवर अख्खं कोकरू सोडलं होतं आणि झाकणाच्या कडा ओल्या मातीने लिंपून टाकल्या होत्या.

"देखो मियाँ," ते मला म्हणाले, "मेरे गड्ढे को हात नक्को लगाना. तुमे तुमारी मछली देखो."

मी मछली देखू लागलो. तीन मोठे हामूर, तिथला लाडका मासा. जाळीत घट्ट बसवून चढवले बाभळीच्या लाकडांवर. पण ती लाकडं इतकी कोरडी की धुराचं नाव नाही! नुसता जाळ. मासा बाहेरून काळा, आतून कच्चा. खिशात पत्र, समोर काका, आणि हा असला मासा?

काहीतरी वासाचं हवं. मी शोधत शोधत बैठकीच्या खोलीत शिरलो. आत कोणी नव्हतं. कोपऱ्यात एक नक्षीदार पेटी. उघडली तर काय, आत लाकडाच्या ढलप्या! काळपट, गाठीच्या, नीट फोडून ठेवलेल्या. नाकाशी धरली. अहाहा! काय मंद वास!

म्हटलं, ही खरी तयारी! धुरासाठी खास ढलप्या! आणि युसूफभाई मला सांगत नाहीत, लबाड! मी मूठभर उचलल्या आणि पळत येऊन निखाऱ्यांवर टाकल्या.

आणि काय सांगू तुम्हाला, काय तो धूर! निळसर, दाट, सुगंधी. वारा नेमका गालिच्यांकडे. मी पुठ्ठ्याने वारा घालू लागलो, धूर सरळ काकांच्या दाढीत!

काकांचा कॉफीचा कप हातातच थांबला. त्यांनी हवेत वास घेतला. अबू नासरकडे पाहिलं. कप खाली ठेवला. आणि उठले! ते उठताच सगळी बैठक उठली.

मला तर आनंदाने नाचावंसं वाटलं! नुसत्या वासाने माणसं उठली! मी दुसरी मूठ टाकली. मंडळी माझ्याच दिशेने येत होती. आता स्वागत नको करायला? आपल्याकडे लग्नात पाहुणे आले की दारात काय करतात? गुलाबपाणी! आणि काकांना भेट द्यायला मी ताइफचं गुलाबपाणी आणलेलंच होतं. फोडली बाटली आणि वाकून वाकून एकेकाच्या हातावर शिंपडलं.

काकांनी ते दाढीला लावलं, छातीवर हात ठेवला, मला काहीतरी लांबलचक आशीर्वाद दिला आणि माशाकडे न बघता पुढे निघून गेले. त्यांच्या मागे बाकीचे. मी म्हटलं, हात धुवायला एवढ्या लांब?

तेवढ्यात गाड्या सुरू झाल्याचा आवाज आला.

युसूफभाई धावत आले. त्यांनी आधी माझ्या हातातली बाटली पाहिली, मग निखारे पाहिले आणि कपाळावर हात मारला. "या अल्ला! ये क्या कर दिये मियाँ? साहब का ऊद जला दिये?"

"ऊद? ये तो लकड़ी है!"

"लकड़ीच होता ऊद! सोने के भाव का होता! खाना हुआ, कॉफी हुई, तब उसका धुआँ घुमाते, गुलाबजल देते. उसका मतलब, दावत खतम, अब तशरीफ ले जाओ! और तुमे खाने के पैले दे दिये!"

म्हणजे आपल्याकडे जे दारात 'या बसा' म्हणून करतात, ते तिथे 'या आता' म्हणून! घराण्यातल्या सगळ्यात थोरल्या माणसाला मी उपाशीपोटी हाकलून दिलं होतं, तेही त्याच्या पुतण्याच्या वतीने! सही गेली, नोकरी गेली, सुप्रिया जन्मभर अलिबागला!

मी जाळी उचलली आणि माशांसकट धावलो. काकांची गाडी फाटकाशी पोचली होती. खिडकीत वाकून अबू नासर गयावया करत होता आणि काका शांतपणे मान हलवत होते. मी जाळी सरळ खिडकीतून आत घुसवली.

"शेख! धूर... मासा! दावत खलास नाही! साहेब चांगला! मी हिमार!"

हिमार म्हणजे गाढव. हा शब्द मी ऑफिसात फार लवकर शिकलो होतो.

काका माझ्याकडे बघत राहिले. मग हामूरकडे. मग त्यांनी दोन बोटांनी एक तुकडा तोडला आणि तोंडात टाकला. काकांनी सावकाश चावला, गिळला आणि पुतण्याला गंभीरपणे काहीतरी विचारलं.

अबू नासरच्या मिशा थरथरू लागल्या. "विचारतायत," तो मला म्हणाला, "हा मासा खायचा, की अंगाला लावायचा?"

आणि काका असे हसले, असे हसले, की डोक्यावरचा रुमाल सरकला! गाड्या परत फिरल्या. खड्ड्यातून कोकरू निघालं, हाडापासून मांस नुसतं गळून पडत होतं. सगळे तुटून पडले. हामूर मी एकट्याने खाल्ला आणि तीन दिवस अत्तराचे ढेकर दिले.

पत्र बाहेर काढायची माझी काय हिंमत! पण निघताना अबू नासरनेच हात पुढे केला. "आण ते." मसाल्याचा डाग पडलेल्या त्या कागदावर त्याने तिथेच सही ठोकली. "काकांचा हुकूम आहे. म्हणाले, या माणसाने एकटं राहणं सगळ्यांनाच धोक्याचं आहे. याच्या बायकोला ताबडतोब बोलवा!"

दोन महिन्यांत सुप्रिया आली! अबू नासरने तिला ऊदाची एक छोटी पेटी भेट पाठवली आणि सगळा किस्साही कळवला. मी तिच्यापासून तो लपवून ठेवला होता हो!

पुढे एकदा आमच्याकडे पाहुणे येऊन जे बसले ते हलेचनात. मी स्वयंपाकघरात जाऊन हळूच म्हटलं, "ऊद पेटवू का गं?"

ती वरण ढवळत म्हणाली, "तो महागाचा ऊद कशाला जाळताय? आज मासा तुम्ही भाजणार आहात, एवढं बाहेर जाऊन नुसतं सांगा."