जाळीआडचं गप्प पिल्लू

पिंजऱ्यातलं पिल्लू आवाज करत नाही म्हणून तुम्ही त्याला शहाणं म्हणता? हवालदारकाकूंसमोर एकदा म्हणून बघा.

काकू विमानतळावर सामान चढवतात. एकोणीस वर्षांत तीन कंत्राटदार आले नि गेले, काकू आहेत तिथेच आहेत. हवालदार हे नाव सोबतच्या लोडरांनी ठेवलेलं, कारण कुत्र्या-मांजराचा पिंजरा आला की काकू काउंटरवर जाऊन मालकाची उलटतपासणी घेतात. कधी खाल्लं? पाणी कधी प्यालं? औषध काय दिलं? नियमाच्या पुस्तकात पिंजऱ्याचं माप नि वजन, नि मालकाची सही. बाकीचं काकूंच्या डोक्यात. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी त्यांनी एक गप्प पिंजरा चढवला होता. तो तिकडे गप्पच उतरला. तेव्हापासून त्या खिशातली किल्ली जाळीवर वाजवतात. आतला कान हलला, तरच पिंजरा पुढे.

त्या सकाळी एक तपकिरी पिल्लू आलं. मालक म्हणजे निवृत्त मास्तर, इस्त्रीचा शर्ट, हातात तिकिटाची घडी. बहिणीच्या कुत्रीचं पिल्लू घरी न्यायला आलेले. बायको गेल्यापासून कुलूप उघडलं तरी घरातून कुणी बाहेर येत नाही, हे त्यांनी न विचारताच सांगितलं.

"काय दिलंय याला?" काकूंनी विचारलं.

"काही नाही हो. स्वभावानंच शांत आहे."

"मास्तर, एवढं शांत तर तुमच्या वर्गातसुद्धा कुणी बसलं नसेल."

मास्तर हसले, पण नजर चुकवून. 'औषध दिलेले नाही' या ओळीपुढे सही ठोकली आणि विमानात बसायला गेले. काकूंनी किल्ली वाजवली. कान हलला, पण उशिरा. लांबच्या खोलीतून कुणी हाक मारल्यावर हलावा तसा. काकूंना ते खटकलं. तरी पिंजरा पुढे गेला, कारण कान हलला होता आणि मागे रांग होती.

विमानाखाली त्यांनी पुन्हा किल्ली वाजवली. या खेपेला कान हलला नाही. हाताची पालथी बाजू जाळीला लावली. श्वास यायचा, मग बराच वेळ यायचा नाही, मग पुन्हा एकदा यायचा. वर सामानाच्या कप्प्यात अंधार आणि गारठा, दोन तास बघायला कुणी नाही.

"काकू, आटपा!" सुपरवायझर ओरडला. "सात मिनिटं राहिलीत."

"हे जाणार नाही."

"मालकाची सही आहे. तुम्ही काय डॉक्टर लागून गेलात?"

"सही श्वास घेत नाही, साहेब."

"मेमो देईन हां."

"दोन प्रती द्या. एक भिंतीला लावते."

आणि काकू ग्रीस लागलेल्या बुटांनिशी प्रवाशांचा जिना चढल्या. लोडरला तिथे जायची परवानगी नाही. माणसं पाय आखडून घेत होती. बाराव्या रांगेत मास्तर पट्टा बांधून बसले होते.

"मास्तर, शेवटचं विचारते. काय दिलंय?"

शेजारच्या बाईनं कानातला इअरफोन काढला. मास्तरांनी आवाज खाली आणला.

"अर्धी गोळी. झोपेची. टॅक्सीत फार रडत होतं हो. सांगितलं तर तुम्ही घेणार नाही, म्हणून..."

"उठा."

सामानाच्या खोलीत वजनकाट्याशेजारच्या टेबलावर काकूंनी आपलं जॅकेट अंथरलं आणि पिल्लू त्यावर ठेवलं. वीस मिनिटांनी जनावरांचे डॉक्टर धापा टाकत आले.

"किती दिली?"

"अर्धी."

"नक्की? अर्धीनं एवढं व्हायला नको."

"देवाशपथ अर्धीच."

तेवढ्यात मास्तरांचा फोन वाजला. त्यांना कमी ऐकू येतं, त्यामुळे बहिणीचा आवाज सगळ्या खोलीला ऐकू आला.

"अरे, फोन लागला म्हणजे विमान सुटलं नाही अजून? पिल्लू निजलंय ना? पहाटे दुधातून अर्धी गोळी घातली होती मी. म्हटलं, तुझी धांदल नको."

अर्धी नि अर्धी. दोघांनीही मायेनंच दिलेली, दोघांनीही एकमेकांना न विचारता. डॉक्टरांनी सुई टोचली. काकू दोन बोटांनी ती एवढीशी छाती चोळत राहिल्या. बाहेर विमान सुटलं तेव्हा पत्र्याची भिंत थरथरली. पिल्लू थरथरलं नाही.

साडेअकराला डॉक्टरांनी हात काढून घेतला.

"मी मारलं का हो त्याला?" मास्तरांनी विचारलं.

दुसरी कुणी असती तर नाही म्हणाली असती. काकूंना गोड बोलणं जमत नाही. "तुम्ही दोघांनी," त्या म्हणाल्या. "आणि मीपण. पहिल्यांदा कान उशिरा हलला, तेव्हाच अडवायला हवं होतं."

दुपारी मेमो आलाच. कारण, विनापरवाना विमानात प्रवेश. सहा ओळींच्या त्या कागदात पिल्लू कुठेच नव्हतं. काकूंनी सही केली आणि पुढच्या विमानाकडे गेल्या. आता कान उशिरा हलला तरी त्या पिंजरा बाजूला काढतात. लोक शिव्या घालतात. घालू देत.

तुम्हीही पिल्लू घेऊन विमानाने निघाला असाल, तर एवढं करा. दाराबाहेर पडण्याआधी घरातल्या एकेकाला समोर उभं करून विचारा, याला कुणी काही दिलंय का? आणि काउंटरवर एखादी बाई तेच विचारेल, तेव्हा कृपा करून तिच्याशी खोटं बोलू नका.