म्हशीचं ऐकणारे वायरमनमामा

वाटूरचे वायरमनमामा घरात आले की डॉक्टरसारखे प्रश्न विचारत. "करंट कव्हा येतो? सकाळी का दुपारी? पायात चप्पल असल्यावर येतो का अनवाणी?" घरातल्या प्रत्येकाला विचारून झाल्याशिवाय ते पान्याला हात लावत नसत. लोक हसत, मामाही हसत आणि पुढचा प्रश्न विचारत.

काही वर्षांपूर्वी अंगणातल्या नळाला हात लावला की आईच्या बोटांना मुंग्या यायला लागल्या. म्हैसही हौदाला तोंड लावून झटकन मागं सरायची. आईनं तिची दृष्ट काढली. बाहेरून आणलेल्या एका मिस्त्रीनं घरातली निम्मी वायर बदलली आणि जाताना आईला म्हणाला, "मावशी, भास असंल." मी सुट्टीवर आलो होतो. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटलं.

शेवटी आईनं मामांना बोलावलं. त्यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं. मग म्हशीपाशी जाऊन उभे राहिले. "माणसाला भास होतो म्हणा. म्हशीला कशाचा भास?"

त्यांनी अर्थिंगची तार ओढली, ती गंजून हातातच आली. "ही तार नुसती शोभेला हे," म्हणाले. पण तेवढ्यावर त्यांचं समाधान झालं नाही. पिशवीतून करंट मोजायचं मीटर काढून त्याची एक वायर नळाला लावली, दुसरी ओल्या जमिनीत रोवलेल्या सळईला, आणि मला मेन स्विच बंद करायला लावला. घरातले पंखे थांबले, मीटरचा वर चढलेला काटा मात्र खाली येईना. मामा खुशीत आले. "घर बंद, तरी करंट चालू! मंग हा बाहेरून आलेला पाहुणा हे."

इतक्यात शेजारच्या तात्यांची बोअरची मोटार थांबली आणि काटा शून्यावर आला.

तात्यांशी आमचं बांधावरून वाजलेलं, बोलणं बंद. मामा सरळ त्यांच्या ओसरीवर गेले. मी मागं.

"आमची मोटार एकदम बराबर हे," तात्या म्हणाले.

मामांनी वाद घातला नाही. आत पाहत विचारलं, "सूनबाई, तुम्हाला नळावर कधी झटका बसला का?"

ती दारात आली. सासऱ्याकडं न पाहता म्हणाली, "रोज बसतो. लाकडानं नळ उघडून राह्यले मी."

तात्या उठले आणि स्वतः स्टार्टरचा फ्यूज काढून खिशात ठेवला. दुसऱ्या दिवशी मोटार वर ओढली, तर बोअरच्या लोखंडी केसिंग पाइपला घासून केबल सोललेली. केबल बदलली, आणि दोन्ही घरांनी एकाच दिवशी अर्थिंगचे नवे खड्डे खोदले. कोळसा नि मीठ तात्यांनीच आणलं, आमच्याही वाटचं. संध्याकाळी म्हशीनं हौद निम्मा केला. आई तिच्या पाठीवर हात फिरवत राहिली, आणि मी आईची माफी मागितली.

पुढं मामांनी काम सोडलं, लेकीकडं घनसावंगीला राहायला गेले. मागच्या दिवाळीत मी फोन केला.

"काय बिघडलं?" त्यांनी पहिलंच विचारलं.

"काही नाही मामा. जेवायला या."



"चाळीस वर्षांत बिघाड नसताना कुणी बोलावलं न्हाई बघा," मामा म्हणाले. "बिलकुल येतो. मंग येताना तुमच्या मामीलाही आणतो."