ब्राँझची तोडी

धारवाडात 'मला गाण्यातलं कळत नाही' असं म्हणणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. आमच्या हुबळीचे लोक निदान सरळ जांभई तरी देतात. धारवाडात ज्याच्या आजोबांनी कधीकाळी एखाद्या गवयाची सायकल धरून ठेवली होती, तोसुद्धा समेवर मान हलवतो. त्यामुळे माझ्या धाकट्या भावानं तोडी राग ब्राँझमध्ये ओतायचा ठरवला, तेव्हा कौतुकाला तोटा पडणार नाही याची मला खात्री होती.

तोडी आईची होती. आम्ही दोघांनी लहानपणी रोज सकाळी तोडी ऐकतच दात घासले. पुढे तिच्या गळ्याचं ऑपरेशन झालं, आवाज खरखरीत झाला आणि तिनं तंबोऱ्यावर गवसणी चढवली ती कायमची. कुणी आग्रह केला तर म्हणायची, "गळ्यातनं आता गोळी तेवढी खाली जाते, वर काही येत नाही." की विषय संपला. घर फार मुकं झालं होतं आणि आम्हा दोघांनाही ते सोसत नव्हतं. मी पडले गणिताची शिक्षिका, मी काय करणार! भाऊ मात्र कलाकार. तो म्हणाला, "अक्का, तिच्या तोडीचा आकार करून तिच्यासमोर ठेवतो. बघून एकदा तरी गुणगुणेल की नाही?" त्याला तेवढंच हवं होतं, बाकी प्रदर्शन वगैरे नंतरचं.

मूर्ती जुन्या हुबळीतल्या एका ओतशाळेत ओतली आणि रिक्षात घालून केशवापूरला आमच्या घरी आणली. वर चढत जाणारी, मध्येच विचार बदलून खाली वळणारी, तीन ठिकाणी विनाकारण फुगलेली. मला ती रिक्षातून पडलेल्या फणसासारखी वाटली. मी तसं बोलले नाही, नुसतं "छान" म्हटलं. शेजारचे निवृत्त वकील, मूळचे धारवाडचे, कुंपणावरून डोकावले.

"एनप्पा इदू, काय रे हे? गणपती काय?"

"नाही काका. तोडी."

वकिलांनी चष्मा पुसला, आत आले आणि बराच वेळ मान हलवली. "हां, हां. कोमल गांधार कसा स्वच्छ लागलाय बघा की!" त्यांचं बोट होतं तळाच्या बोल्टवर.

आई पदराला हात पुसत बाहेर आली. मूर्तीभोवती एक फेरी मारली, वाकून खालून पाहिलं आणि विचारलं, "हे ठेवणार कुठं?" झालं. एवढीच दाद. मला तिचा राग आला आणि भावाची कीवही आली.

पण हार मानेल तर तो कलाकार कसला? म्हणाला, रंग नाही म्हणून तिला ओळख पटली नाही. मग परसात कित्येक आठवडे मूर्तीला आच द्यायची, कसलंसं औषध फासायचं, पुन्हा आच द्यायची. त्या वासानं मोगरा वाळला, वकीलकाका खोकून बेजार झाले. शेवटी विहिरीच्या कठड्यावर शेवाळ धरावं तसा हिरवा रंग चढला. याला म्हणे पॅटिना म्हणतात. वरून मेण लावायचं तेवढं राहिलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी धारवाडचे प्रदर्शनवाले मूर्ती न्यायला येणार होते.

आता आमच्या घराचा एक नियम सांगते. पितळेवर, तांब्यावर हिरवं दिसलं की त्या घरच्या बाईची अब्रू गेली. हिरव्या भांड्यात ताक कळकतं, पाहुण्यांचं पोट बिघडतं आणि सात गावांत बोभाटा होतो. सणावाराच्या आदल्या दिवशी आमच्या परसात समई, घंगाळ, तांबे उन्हात लखलखत ओळीनं बसलेले असतात. हा नियम पॅटिनाला लागू नाही, हे आईला सांगायचं आम्हा दोघा शहाण्यांना सुचलंच नाही.

मी शाळेतून आले तर मागच्या दारात भाऊ पाठमोरा उभा. त्याच्या खांद्यावरून बघते तो काय! आई पाटावर बसलेली, पदर खोचलेला, हातात चिंच-मिठाचा काथ्या, आणि तोडी निम्म्याच्या वर सोन्यासारखी पिवळीधमक. आठवड्यांची मेहनत हिरव्या ओघळांनी मोरीकडे चाललेली. मी ओरडणार, तेवढ्यात भावानं माझं मनगट गच्च धरलं.

मग मला ऐकू आलं. काथ्या वळणावरून वर जात होता आणि त्याच्याबरोबर आईचा आवाज जात होता. फाटका, जाडाभरडा, वरच्या धैवतापाशी चक्क तुटणारा. तुटला की ती थांबायची, हात खाली आणायची आणि पुन्हा तिथूनच चढायची. आपण गातोय हे तिच्या गावीही नव्हतं. मला रडू आलं. अजून अर्धी पाठ हिरवी होती, एका हाकेनं तेवढी तरी वाचली असती.

आईनं मागं न बघताच म्हटलं, "कोण, आलास होय रे? बघ की, ह्या खाचेतलं हिरवं निघेना. चिंच पण संपली."

त्यानं माझं मनगट सोडलं, स्वयंपाकघरात गेला आणि चिंचेची अख्खी बरणी घेऊन आला.