हवेचा वाटा

सुमनबाई कोणतीबी गोष्ट सरळ सांगेच नाई. ती आमच्या गावची आशा वर्कर, घरोघरी दवाई देत फिरे. पण दवाईची गोष्ट करता करता वावरात शिरे, चुलीत शिरे. रक्त वाढवाची गोळी कोणी खात नसलं तं म्हणे, "काऊन वं, खत न टाकता धान मांगतं का?" लस देल्ल्यावर लेकराले ताप आला का म्हणे, "राखणीले कुत्रा आणला, तं पयल्या दिवशी भुंकनच." आमी हासो, अन् ध्यानात ठेवो.

माही नात कमली. माय बाळंतपणातच गेली, तवापासून माह्याच पदराखाली. सात वर्साची होती तवा तिले मिरगी सुरू झाली. पडली का लोक नाकाले चप्पल लावत, कांदा लावत. एकदा सुमनबाईनं माह्या हातातली चप्पल घेतली अन् अंगणात फेकली. "नाकातूनच द्याचं आहे न आजी, तं दवाई देऊ." तिनंच आमाले चंद्रपूरच्या डाक्टरकडे नेलं. तिथून नाकात माराचा फवारा भेटला, बोटाएवढी शिशी. दात खिळले तरी नाक तं खुलंच राह्यते.

नवी शिशी पयले हवेत दाबा लागते, धुकं निघतवरी. माह्या जीवावर आलं. एवढ्या दुरून आणलेली दवाई वाऱ्यावर? सुमनबाई म्हणे, "आजी, नवं धान आलं का पयला घास देवाले देता न? तसा पयला फवारा हवेले. मंग दोन्ही नाकपुडीत एक-एक. त्याच्यावर नाई." ती बौद्धाची, तिच्या घरी देव नाई. आमची रीत पाहूनच तिनं सांगतलं, अन् मले पटलं.

त्याच महिन्यात, पोळ्याच्या टायमाले कमली पडली. मी हवेले देलं, मंग तिले देलं. थोड्या वेळानं पोरीनं डोळे उघडले, भाकर मांगतली. मी सुमनबाईचे पाय धराले गेली, तं तिनं मलेच धरलं.

मंग दिवाळी गेली, होळी गेली. शिशी माह्या पदराले बांधूनच राहे. मोहाची फुलं वेचाले जंगलात गेलो, तं टोपलीसंगं कमली झाडाखाली पडली. मी घाबरली नाई. गाठ सोडली. एका नाकपुडीत दाबलं, दुसऱ्या नाकपुडीत दाबलं. त्याच्यावर नाई म्हणून सांगतलं होतं, म्हणून शिशी परत पदराले बांधली अन् वाट पाहत बसली. पोरीचे झटके थांबतच नोते. बायांनी बाज आणली, खांद्यावर उचलली. सडक लागाच्या पयलेच तिचा हात माह्या हातात थंडा झाला.

तिसऱ्या दिवशी सुमनबाई आली. शिशी मांगतली, हवेत दाबली. एकदा काई नाई. दोनदा काई नाई. तिसऱ्या बारीले धुकं निघालं.

"हवेले देलं नोतं का, आजी?"

"देलं होतं न बाई, पोळ्याले. नवं धान एकदाच नवं राह्यते."

ती खालीच बसली. शिशी लय दिवस पडून राह्यली का दवाई नळीतून उतरते, परत हवेत दाबा लागते. ते तिले ठाव होतं, मले नोतं. मंग म्हणे, "तुमी नाई चुकल्या. माहा दाखला चुकला."

त्याच्यानंतर सुमनबाईनं दाखले देणं सोडलं. घरात येऊन कागद काढे, वाचे, निंघून जाय. बाया मान डोलवत, अन् समजे कोणालेच नाई.

उन्हाळ्यात एक दिवस मी बोरिंगवर पाण्याले गेली. दुपारभर कोणी हापसलं नोतं. दांडा दोनदा खाली-वर केला, नुसती हवा. तिसऱ्या बारीले पाणी आलं. माहा हात तिथीच थांबला. रोजचंच होतं हे. माह्या दारासमोर होतं.

सुमनबाई रस्त्यानं जाऊन राह्यली होती. तिले बोलावलं, दाखवलं. ती दांडा धरून उभी राह्यली, पाणी वाहून गेलं तरी सोडेना. मंग म्हणे, "आजी, हे तुमीच सांगत जा. माह्या तोंडातून आता निघत नाई."

दोन वर्सांनी छातीच्या दुखण्यात सुमनबाईबी गेली. तिच्या जागेवर आलेली पोरगी, कोणाच्या घरी फवारा आला का मले बोलावते. त्या लेकराच्या मायले बोरिंगवर नेऊन, दांडा तिच्या हाती देऊन 'हाप' म्हणा लागते. पाणी येतवरी माह्यानं तिच्या तोंडाकडे पाहवत नाई.