आईने पेज घेतली नव्हती

तुमच्या घरात मधुमेहाचं माणूस असेल, तर 'तू चोरून खाल्लंस' हे वाक्य तुम्ही त्याला किती वेळा ऐकवलंय?

मी माझ्या आईला दोन वर्षं ऐकवलं. ऐंशीच्या दशकाची शेवटची वर्षं. वडील शिक्षक होते. सुट्टीत ते समाजसुधारणेची पत्रकं लिहून आमच्या वालावलच्या आसपासच्या गावांत वाटायचे. त्या पत्रकांच्या घड्या घालतच मी मोठी झाले. ते गेल्यावर पत्रकं मी लिहू लागले. हुंड्यावर, बुवाबाजीवर, आणि आई इन्सुलिनवर आल्यापासून मधुमेहावरही. 'तोंडावर ताबा नसलेला रोगी स्वतःचाच वैरी', असं मी एकात लिहिलं होतं. आईने ते वाचलं, घडी घालून उशाखाली ठेवलं आणि भांडी घासायला गेली.

इन्सुलिनची बाटली आम्ही पाण्याच्या मडक्याशेजारी ओल्या वाळूत ठेवायचो. काचेची सिरिंज उकळून ठरल्या वेळी मी सुई टोचायची, मग तिला मोजका भात. तरी तिच्या साखरेला धरबंध नव्हता. आणि सकाळी उलटी व्हायची. तिच्यात आदल्या संध्याकाळचा भात, चवळीची सालं, सगळं जसंच्या तसं.

"रात्री उठून जेवलंस मा?" मी विचारायची.

"नाय गो. सांजेचोच भात तो."

"सांजेचो भात सकाळपर्यंत पोटात ऱ्हवता?"

"माझ्या ऱ्हवता."

मला तो उर्मटपणा वाटायचा. मी गुळाचा डबा माळ्यावर चढवला. एका दुपारी घरी आले तर आई घामाने भिजून चुलीपुढे बसली होती आणि एकेक डबा उघडून पालथा करत होती. सुई लागू होऊन साखर उतरली होती, भात पोटात अडकला होता, आणि गोड मी लपवलं होतं. हे आज कळतं. तेव्हा मी आधी "काय शोधतंस?" म्हणून दरडावलं. मग तिचे डोळे पाहिले आणि माळ्यावरून गूळ काढून तिच्या तोंडात घातला.

तालुक्याच्या डॉक्टरांनी गोव्याला चिठ्ठी दिली. तिथे एक डॉक्टर मधुमेहाच्या रोग्यांचं पोट किती वेळात रिकामं होतं, ते सोनोग्राफीच्या यंत्रावर पाहत होते. उपाशीपोटी या, सकाळची सुईही नको, असा निरोप होता. आम्ही पहिल्या गाडीने निघालो. गोव्याच्या हद्दीजवळ, इन्सुली गावच्या नाक्यावर गाडी थांबली तेव्हाच तिला मळमळत होतं.

डॉक्टरांनी तिच्या पोटाला गार जेली लावून यंत्र टेकवलं. पडद्यावर राखाडी ढगासारखं काही हललं.

"पोट रिकामं नाही," ते म्हणाले. "सकाळी काय घेतलंत?"

"काही नाही, डॉक्टर," आई शुद्ध भाषेत म्हणाली.

मी भडकले. आमच्याकडे पेजेला कोणी जेवणात धरत नाही. उपाशी म्हणवणारा माणूसही वाटीभर पेज पिऊन आलेला असतो.

"आये, खरां सांग. पेज घेतलंस मा?"

"घेवक नाय."

"डॉक्टरांसमोर तरी..."

"घेवक नाय म्हटलंय मा."

डॉक्टरांनी मला थांबवलं. "हे कालचंच असावं. तुम्हीही उपाशी आहात ना? मग बाजूच्या खाटेवर झोपा. निरोगी पोट शेजारी असलं की फरक दिसतो."

आम्हा दोघींना त्यांनी एकेक पेला पातळ सूप दिलं. मग थोड्या थोड्या वेळाने दोघींच्या जठराचा, खाली आतड्याकडे उघडणाऱ्या तोंडाजवळचा गोल पडद्यावर मोजू लागले. माझा गोल दर खेपेला लहान होत गेला. दुसरा तास संपेपर्यंत चपटा झाला. आईचा तसाच, फुगलेला.

"तुझां पोट सुदीक तुझ्यासारखांच," आई म्हणाली. "येळेर काम करता."

मला हसता आलं नाही.

मधुमेहाने तिच्या पोटाच्या नसा थकल्या आहेत, अन्न पुढे ढकललंच जात नाही, असं डॉक्टर म्हणाले. थोडं थोडं, पातळ, दिवसातून पाच-सहा वेळा खायचं. सुईची वेळ बदलून पाहू. एक गोळी आहे, काहींना लागू पडते.

"आणि नसा बऱ्या होतील?" मी विचारलं.

त्यांनी जेली पुसायला आईच्या हातात कापड दिलं.

परतीच्या गाडीत मी माफी मागायला तोंड उघडलं. आई म्हणाली, "आता काय बोलू नको. माका ओकाक येता." मी पिशवी धरून बसले.

गोळीने महिनाभर बरं वाटलं, मग पुन्हा तेच. ती खरं बोलत होती, एवढं यंत्राने दाखवलं. पुढचं त्याच्या हातात नव्हतं, माझ्या तर नव्हतंच. मी कागद घेऊन बसायची. हुंड्याविरुद्ध लिहिता येतं. थकलेल्या नसांविरुद्ध काय लिहायचं? आई पलीकडे पेजेचं पाणी चमच्या-चमच्याने घेत असायची आणि ते तरी खाली उतरेल का, याची आम्ही दोघी वाट पाहायचो.

तुमच्याकडे इन्सुलिनवरचं कोणी कालचं जेवण आज ओकत असेल, तर आजच एक वही सुरू करा. काय खाल्लं, किती वाजता, सुई कधी, उलटीत काय पडलं, ते त्यांच्याच तोंडून ऐकून लिहा. तुमची शंका त्यात लिहू नका. ती वही डॉक्टरांपुढे ठेवा आणि म्हणा, यांचं पोट केव्हा रिकामं होतं ते तपासा.