मांजरांना वाढणारं मशीन

मांजरांसाठी मशीन घ्यायचं ठरलं, तेव्हा मी लग्नाचा बस्ता बांधायला निघाल्यासारखी तयार झाले. चष्मा, छत्री, पर्स, आणि पर्समध्ये एक छोटा डबा. डब्यात बांगडा कुस्करलेला भात. दुकानात जाऊन नुसतं "चांगलं आहे का हो?" विचारून काय कळणार? माठ घेताना आपण टिचकी मारून बघतो, तसं मशीनसुद्धा चालवून बघायचं, एवढी साधी गोष्ट.

पण मशीन कशाला, ते आधी सांगते.

माझ्याकडे दोन मांजरं. एक म्हातारी आणि एक तिचा बोका. म्हातारीला दात उरले नाहीत, म्हणून ती ओलंच खाते, तेही थोडं थोडं, दिवसातून चार-पाच वेळा. एकदम वाढलं तर एकदम खाते आणि मग एकदमच बाहेर काढते, बहुतेक माझ्या पायपुसण्यावर. बोक्याला दात आहेत सगळे, पण आई खाते तेच त्याला पाहिजे. बाजारातले कोरडे दाणे एकदा वाढून पाहिले, तर पठ्ठ्याने पंजाने एकेक दाणा कॉटखाली ढकलला. झाडताना मलाच सापडले. जनावरांचे डॉक्टरही म्हणाले, म्हातारीला पाण्याचा अंश पोटात जायला हवा, ओलंच द्या. झालं! तेव्हापासून मी घराबाहेर एक रात्र काढली नव्हती. मुलगा शीवला राहतो, त्याच्याकडे गेले तरी जेवून संध्याकाळी परत.

अशात गावाहून फोन आला.

फोन माझ्या जुन्या शेजारणीचा. डिलाईल रोडच्या चाळीत आमच्या खोल्यांची भिंत एक. तिचा नवरा आणि आमचे हे गिरणीत एकाच खात्यात कामाला. संप लागला आणि लांबत गेला, तसं रॉकेल पुरेना. मग आम्ही दोघींनी एकाच स्टोव्हवर दोन घरं चालवली. आधी तिचा भात, मग माझी आमटी, मग जे काय मिळालं असेल ते सुकं. कुठला टोप कुणाचा हे पोरांना कळायचं नाही, आणि भूक लागलेली पोरं विचारत बसत नाहीत. शेवटी तिच्या नवऱ्याने गावची वाट धरली. सामान बांधताना तिने आपली विळी माझ्या हातात दिली. "थंय सासूची आसा, ही तुका र्‍हवांदे." आणि खाली उतरता उतरता जिन्यात वळून म्हणाली, "कधी माझा सोताचा घर झाला, तर पयली चूल तू येवन पेटव."

मी हो म्हटलं. त्या वेळी आम्हाला दोघींनाही ते घर दिसत नव्हतं.

आणि आता फोनवर ही ओरडतेय, "घर झाला गो! लेकीन बांधल्यान. घरभरणी हा. येतंस मा?"

मला इतका आनंद झाला की मी उभीच राहिले. आणि उभी राहिले तशी पायाशी म्हातारी दिसली.

"अगं, येते गं, पण माझी मांजरं…"

"माजरां? चाळीत माजरांक कोण वाढी? अख्खी गॅलरी वाढी!"

खरं बोलली. संपात गिरणीचं कॅन्टीन बंद पडलं, तशी तिथली मांजरंही बाहेर आली. आमचे हे म्हणायचे, "बघ, ही पण आमच्यासारखीच. काम गेलं, जेवण गेलं." त्यातली एक काळी-पांढरी आमच्या गॅलरीत येऊन राहिली. तिचं कुणी काही ठरवलं नव्हतं, पण पहिल्या खोलीतून शेवटच्या खोलीपर्यंत तिची फेरी असायची. सोमवारी आमच्याकडे मासे नाहीत, हे तिला माहीत. मग ती सोमवारी आमच्या दाराकडे ढुंकूनही बघायची नाही, थेट टोकाच्या खोलीत. उपाशी माणसांच्या चाळीत ते मांजर कधी उपाशी राहिलं नाही. माझी म्हातारी तिच्याच वंशातली.

आता चाळीच्या जागी इमारत उभी आहे. लिफ्ट आहे, सगळं आहे. दारं मात्र बंद. समोरच्या बाई फार चांगल्या, पण त्यांच्या घरात कांदासुद्धा चालत नाही, त्यांना मी बांगडा कुस्करायला सांगू? आणि माझी दोघं परकं माणूस दिसलं की कपाटामागे.

मुलाला सांगितलं. तो म्हणाला, "मी रोज संध्याकाळी येऊन भरून ठेवीन. पण दिवसभर थोडं थोडं कोण देणार? आई, आपण ऑटोमॅटिक फीडर घेऊ."

"म्हणजे?"

"मशीन. वेळ लावायची, ते वाढतं."

मी त्याला म्हटलं, "चल, आत्ताच चल!"

तर अशी मी दादरच्या दुकानात डबा घेऊन पोचले. दुकानदाराने मोठ्या उत्साहाने एक उंच नळकांड्यासारखं मशीन काढलं. वर दाणे भरायचे, खाली वाटीत पडतात. मी डबा उघडला आणि चमचाभर भात वरून सोडला.

"मावशी! मावशी, काय करताय?"

"बघतेय पडतो का."

नाही पडला. मशीन आतल्या आत घर्र घर्र करत राहिलं, खाली एक शीत नाही. दुकानात मात्र बांगड्याचा असा वास सुटला की पिंजऱ्यात बसलेली ती लांब केसांची महागडी मांजरं सगळी उठून उभी राहिली. मुलगा दुकानाबाहेर जाऊन उभा राहिला, जणू माझा कुणी नव्हेच. दुकानदार मात्र भला माणूस, हसला. "हे कोरड्यासाठी आहे हो मावशी. तुम्हाला ओल्याचं पाहिजे, ते वेगळं." मी त्याचं मशीन त्याच्या मोरीत स्वच्छ धुऊन दिलं आणि मगच पुढचं बघितलं.

ओल्याच्याही दोन तऱ्हा निघाल्या. एकात झाकणं. वेळ झाली की झाकण टपकन उघडतं. हे मी घरी नेलं, परत करायच्या बोलीवर. बोक्याने दुपारपर्यंत अभ्यास केला आणि फटीत नख घालून दोन्ही झाकणं वेळेआधी उघडली. म्हातारीचा वाटाही खाल्ला आणि झाकणावरच झोपला. मुलगा म्हणाला, "आई, हा शिकलाय." मी म्हटलं, "शिकला नाही, गिरणगावातला आहे. बंद दार कसं उघडायचं ते रक्तात असतं." मशीन परत.

दुसऱ्या तऱ्हेचं होतं गोल ताट. पाच कप्पे, वर एकच घट्ट झाकण आणि झाकणाला एक खिडकी. वेळ झाली की ताट फिरतं आणि पुढचा कप्पा खिडकीशी येतो. खाली बर्फाची पिशवी ठेवायची, म्हणजे आपल्या उकाड्यात मासळी नासत नाही. ताट सुटं होतं, घासायला सोपं. मी लगेच पाणी घातलेली एक परात काढून त्यात मशीन ठेवलं, मुंग्यांसाठी. मुलगा म्हणाला, हे कंपनीलाही सुचलं नसेल. मी म्हटलं, कंपनीच्या घरी मुंग्या नसतील.

बर्फाने जेवण गार व्हायचं, ही एक अडचण होती. ती मी बाजारात सोडवली. बोंबील गार झाला की मुका होतो, वासच येत नाही. बांगडा गारसुद्धा बोलतो! आधी चार दिवस फ्रिजमधलाच बांगडा-भात वाढला. म्हातारीने पहिल्या दिवशी माझ्याकडे असं बघितलं, जसं सासू पहिल्या दिवशी सुनेच्या आमटीकडे बघते. पण मग खाल्लं.

आणि सगळ्यात मोठी गंमत म्हणजे मशीनमध्ये आपला आवाज भरता येतो! ताट फिरलं की मशीन आपल्या आवाजात हाक मारतं. मी तर हरखूनच गेले. मुलाने बटण दाबलं, म्हणाला, "बोल."

"काय गं बायो, उठलीस का, ये, जेवून घे, आणि बोक्याला खाऊ देऊ नको हां, मी दोन दिवसांत—"

"संपलं, आई. दहा सेकंदच असतं."

"दहा सेकंदांत मी नमस्कारसुद्धा करत नाही!"

तरी केलं छोटं. "या गं, जेवायला या." वेळ लावली आणि आम्ही दोघं दाराबाहेर जिन्यात जाऊन बसलो. आतून माझाच आवाज आला आणि पाठोपाठ म्हातारीची आरोळी. दार उघडलं तर ती मशीनच्या मागे मला शोधत होती. मग पुढे, मग कॉटखाली, मग दाराशी येऊन बसली. बोका कपाटामागे. ताट पुढे सरकलं, जेवण तसंच. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा तेच.

मुलगा हळूच म्हणाला, "आई, तिला हाक कळतेय गं. पण तू कुठे आहेस ते कळत नाहीये."

घरभरणी तोंडावर आलेली. माझं तोंड उतरलं. ही दोन दिवस न जेवता दाराशी बसली तर? मी फोन हातात घेतला, शेजारणीला सांगायला, की बाई, चूल तुझी तूच पेटव. नंबर लावला नाही. म्हटलं आधी मासे साफ करू, मग सांगू. वाईट बातमी द्यायच्या आधी मी नेहमी काहीतरी काम काढते.

तारल्या आणल्या होत्या. विळी मांडली, तीच, तिची. आणि पहिल्या तारलीचे खवले काढले. खर्र, खर्र. कपाटामागून बोका आला. दाराशी रुसून बसलेली म्हातारी शेपटी ताठ करून धावत आली! दोघंही विळीसमोर, नेहमीच्या जागी.

मी तशीच ओरडले, "अरे, मशीन आण इकडे! बटण दाब, बटण!"

"काय झालं?"

"त्यांना मी जेवायला कधी बोलावलंय? त्यांना विळी बोलावते!"

मुलाने मशीन विळीजवळ धरलं, मी तारली घेऊन जोरात खर्र खर्र केलं. दहा सेकंद पुरून उरले. पुन्हा वेळ लावली, पुन्हा जिन्यात. कान दाराला. आतून खर्र, खर्र… आणि मग धावणारी पावलं, आणि मग ते ओलं, समाधानी, मचमच खाणं. आम्ही दोघांनी जिन्यात टाळी दिली. समोरच्या बाईंनी दार उघडून विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "जेवले!"

मी गावी गेले.

तिचं घर लहानसंच, चिऱ्यांचं, अंगणात तुळस. ती दारात उभी होती. आम्ही एकमेकींकडे बघून आधी हसलो, कारण दोघींचेही दात माझ्या मांजरीच्या वाटेवर. मग तिने माझा हात धरून मला थेट आत नेलं. नवी चूल मांडलेली. मी विस्तव केला, दुधाचं नवं भांडं वर ठेवलं. दूध उतू जायची वाट बघत सगळे उभे, तेवढ्यात मुलाने चित्र पाठवलं, हलतं, आवाजासकट. मी फोन तिच्यापुढे धरला. मशीनचं ताट फिरलं. खर्र, खर्र. पडद्यात माझी दोघं धावत आली.

तिने फोन कानाशी नेला. "ह्यो… ह्यो माज्या विळयेचो आवाज!"

"तुझीच ती."

"परत लाव."

परत लावला. खर्र, खर्र. आणि माडाच्या मुळाशी झोपलेलं तिचं मांजर, जे मला ओळखत नव्हतं आणि ज्याने मुंबई कधी बघितली नव्हती, ते उडी मारून थेट नव्या घरात शिरलं आणि आम्हा दोघींच्या पायाशी येऊन वर बघत बसलं.

आम्ही इतक्या हसत सुटलो की दूध उतू गेलं ते तिच्या लेकीनेच आम्हाला सांगितलं.