बर्फाच्या कारखान्यावरची आमची बाल्कनी

सुरुवातीलाच सांगते, असल्या गोष्टी मला कधी पटल्या नाहीत. मी लखनौला एका विमा कंपनीत क्लेम तपासायचं काम करते. समोरचा माणूस कितीही कळवळून सांगत असला, तरी माझ्या तोंडून आधी "पुरावा काय?" हेच निघतं. माझा नवरा म्हणतो, यमदूत दारात आला तरी तू त्याचं ओळखपत्र बघशील. या सदरातले अनुभव मी आजवर चहा पिता पिता हसत वाचलेत... तेव्हा आज तुम्ही हसलात तर माझी काही तक्रार नाही.

आम्ही मूळचे सातारा जिल्ह्यातले, माण तालुक्यातले. म्हणजे पाण्याचं नाव काढलं की टँकर आठवणारा मुलूख. बाबा फौजेत सुभेदार होते. शेवटचं पोस्टिंग लखनौ छावणीत झालं, इथलं हवापाणी मानवलं, आणि रिटायर झाल्यावर त्यांनी तेलीबागेत घर घेतलं. मी एकुलती एक, त्यामुळे लग्नानंतरही आम्ही सगळे त्याच घरात राहिलो. पहिल्या मजल्यावर बाल्कनी, तिथे उन्हासाठी बांबूच्या काड्यांचा हिरवा पडदा, म्हणजे चिक, दोन खुर्च्या, आणि समोर शेजाऱ्यांच्या गच्चीवरची काळी टाकी. बाल्कनीच्या कठड्याची एक सळई वाकडी आहे. माझी मुलगी इरा लहान असताना तिचं डोकं त्यात अडकलं होतं, तेव्हा बाबांनी पहारीने ती वाकवली. नंतर सरळ करायची राहूनच गेली.

आईने बाबांबरोबर पठाणकोट बघितलं, जोधपूर बघितलं, झाशी बघितली. समुद्र मात्र कधीच नाही. टीव्हीवर समुद्र दिसला की हातातलं काम टाकून यायची आणि म्हणायची, "आवाज वाढव गं जरा." बाबा दरवेळी म्हणायचे, "पुढच्या सुट्टीत जाऊ." मग सुट्ट्या संपल्या, मग गुडघे आले, मग शुगर आली. गेल्या वर्षी माघात आईला झटका आला. कित्येक आठवडे ती हॉस्पिटलमध्ये होती, डोळे मिटलेले ते मिटलेलेच. होळीच्या आदल्या आठवड्यात गेली.

त्यानंतर बाबा बाल्कनीतल्या त्यांच्या खुर्चीत बसले ते बसलेच. पोळीचा चतकोर तुकडा, दोन घास भात. अंगावरचे कपडे खुंटीला लटकवल्यासारखे दिसायला लागले. डॉक्टर म्हणाले, "रिपोर्ट सब ठीक हैं. इन्हें कहीं घुमा लाइए."

कुठे जायचं ते इराने ठरवलं. ती बारावीत आहे, चित्रकलेचं वेड आहे. कोकणातल्या एका छोट्या बंदराच्या गावात काही चित्रकारांनी घरांच्या, गोदामांच्या भिंती रंगवल्यात, त्याचे व्हिडिओ तिने बघितले होते. गावाचं नाव मी इथे लिहीत नाही, तिथल्या एका बाईंनी तशी विनंती केली आहे. तळकोकणात आहे एवढंच समजा. समुद्र म्हटल्यावर बाबा एकदम ताठ झाले.

"मी येत नाही. तुझ्या आईला दाखवला नाही, आता मी एकटा कुठल्या तोंडाने बघू?"

इराला मराठी सगळं समजतं, पण उत्तर हिंदीत येतं. ती त्यांच्या पायाशी बसली. "नानू, आप मत देखना ना. आप बस मेरे साथ चलो."

नातीपुढे सुभेदारसाहेबांचं काही चालत नाही. डिसेंबरात लखनौचं धुकं मागे टाकून आम्ही तिघं निघालो. नवऱ्याला रजा मिळाली नाही. विमानाने गोव्यातलं मोपा, तिथून गाडी.

गाव बघून मी हरखूनच गेले, खोटं कशाला बोलू! जेट्टीवर होड्या लागलेल्या, मासळीच्या टोपल्यांभोवती बायकांचा गलका, आणि जिथे बघाल तिथे चित्रं. रेशन दुकानाच्या भिंतीवर भलामोठा पापलेट, शाळेच्या कुंपणावर जाळी विणणाऱ्या बायका. बाबांनी मात्र शब्द पाळला. जेट्टीवरच्या बाकावर समुद्राकडे पाठ करून बसले आणि टोपी डोळ्यांवर ओढली. इतकी मोठी भरती मागे आणि हा माणूस पार्क केलेल्या टेम्पोकडे बघतोय... मला हसावं की रडावं कळेना.

दुपारी इरा भिंती बघायला निघून गेली आणि मी बाबांना एका घरगुती खानावळीत घेऊन गेले. चालवणाऱ्या लतामावशी साठीच्या आसपासच्या, बोलायला मोकळ्या. सुरमईची तुकडी, तिसऱ्यांचं सुकं, सोलकढी असं ताट समोर आलं. बाबा भात चिवडत राहिले.

"खंयसून इलात?" मावशींनी विचारलं.

"लखनौहून."

"लखनौ!" मावशींचा चेहरा उजळला. "ह्या वर्षी तुमच्याच लखनौची एक बाय येय हंय. शिमग्याच्या आधी. रोज दुपारची. जाताना दरवेळी म्हणता कशी, 'दही-मछली!' मी म्हटलं, माशावांगडा दही कोण खाता गे बाय?"

माझा घास हातातच राहिला.

लखनौबाहेरच्यांसाठी सांगते. अवधात कोणी प्रवासाला किंवा परीक्षेला निघालं की मागून 'दही-मछली' म्हणतात, शकुन म्हणून. आईने तो शब्द शेजारच्या मिश्रा आंटींकडून उचलला होता. मी ऑफिसला निघाले तरी जिन्यावरून ओरडायची. पण तो शब्द तिकडे लाखो लोक वापरतात, असं मी स्वतःला लगेच बजावलं. लखनौची कोणी प्रवासी बाई असेल. बाबांनी फक्त मान वर केली.

आणि तेवढ्यात इरा धावत आली. चेहरा पांढराफटक. "मम्मी, चलो. नानू, आप भी. अभी."

बंदराच्या टोकाला बर्फाचा जुना कारखाना आहे, आता बंद पडलेला. समुद्राच्या बाजूची त्याची अख्खी भिंत एका चित्राने भरली होती. त्यात एक बाल्कनी होती. हिरवा चिक. दोन खुर्च्या, एका खुर्चीत बनियन घातलेले, ट्रान्झिस्टर कानाशी धरलेले म्हातारे गृहस्थ, आणि दुसरी रिकामी. काळी टाकी तेवढी नव्हती, कठड्यापलीकडे थेट समुद्र होता. आणि कठड्याची एक सळई वाकडी होती. डावीकडून मोजाल तर आमच्याकडे जी आहे तीच.

बाबा काठी टेकत भिंतीपाशी गेले. त्या रंगवलेल्या सळईवर त्यांनी हात ठेवला.

"ही मी वाकवलीय," एवढंच म्हणाले.

चित्र काढणारी दर्शना तिथेच होती. समोरच्या गोदामात तिची गॅलरी आहे. वडिलांची होडी, ती स्वतः कोल्हापूरला चित्रकला शिकून गावात परतलेली. लखनौला कधी गेलीस का, हा माझा पहिला प्रश्न. ती मुंबईच्या पुढे गेलेली नव्हती.

"मग हे कुठून काढलंस?"

"एक काकू यायच्या," ती म्हणाली. "वर्षाच्या सुरुवातीला मी ही भिंत घेतली होती. होडी काढायला घेतली तर मागून म्हणाल्या, 'अगं, समुद्रासमोर समुद्रच काय काढतेस? ज्या घरातून समुद्र दिसत नाही, ते घर काढ. तिथल्या माणसांना समुद्र दाखव की.' मला ते इतकं आवडलं! मग रोज दुपारी यायच्या. मी परांचीवर, त्या खाली उभ्या. चिक असा काढ, सळई अशी वाकव, यांच्या बनियनला इथे भोक आहे... मधेच हिंदी बोलायच्या. मी पाठमोरी असायचे, त्यामुळे चेहरा नीट आठवत नाही. आवाज आठवतो. फार हसायच्या."

"कधी थांबल्या यायच्या?"

"शिमग्याच्या जरा आधी. चित्र संपलं आणि परत दिसल्याच नाहीत."

त्या दिवसांत दुपारी मी कुठे असायचे ते मला पक्कं माहीत आहे. आईच्या कॉटशेजारच्या स्टुलावर, तिचा हात धरून.

बाबांनी हळूच विचारलं, "पोरी, ही दुसरी खुर्ची रिकामी का ठेवलीस?"

दर्शना जरा संकोचली. "मीही विचारलं होतं. म्हटलं, काकू, इथे तुम्हाला बसवू का? तर म्हणाल्या, 'छे, मी तिथे कशी असेन? मी तर इथे समुद्र बघतेय ना!'"

बाबा बराच वेळ त्या खुर्चीकडे बघत राहिले. मग सावकाश मागे वळले. भिंतीची बाजू समुद्राचीच, त्यामुळे वळल्यावर समोर दुसरं काही नव्हतंच. माझ्या बापाने आयुष्यात पहिल्यांदा समुद्र बघितला तो असा. टोपी काढून हातात घेतली.

"केवढा आहे गं," म्हणाले. आणि मग लहान मुलासारखे रडले. आई गेली त्या दिवशीही ते रडले नव्हते. इराने त्यांना मिठी मारली, दर्शनाने पळत जाऊन पाणी आणलं. तिला आम्ही नंतर सगळं सांगितलं, तेव्हा तीही आमच्यासोबत गोदामाच्या पायरीवर बसली.

उन्हं उतरताना बाबांनी पँट दुमडली आणि इराचा हात धरून पाण्यात गेले. एक लाट गुडघ्यापर्यंत भिजवून गेली तशी मोठ्याने हसले. तो आवाज घरात किती दिवसांत ऐकला नव्हता!

माझ्यातला क्लेमवाला स्वभाव गप्प बसणार होता थोडाच? संध्याकाळी लतामावशींना मी मोबाइलमधला तेलीबागेतल्या हळदीकुंकवाचा फोटो दाखवला. दहा-बारा बायका, त्यात आई. कोणती ते सांगितलं नाही. मावशींनी चष्मा पुसला, फोटो मोठा केला आणि बोट ठेवलं. आईवरच. आता प्रामाणिकपणे सांगायचं तर आई त्या फोटोत मधोमध आहे, बोट सहज तिथेच जाऊ शकतं. हेही मी मनात नोंदवून ठेवलं.

"तिका बांगडो लय आवडा," मावशी म्हणाल्या. "काटे चोखून चोखून खाय."

बाबांनी त्या रात्री बांगडा मागितला. एक खाल्ला, मग दुसरा मागितला. काटे त्यांच्या ताटात शिस्तीत एका ओळीत लावलेले. मावशी वाढत होत्या आणि मी तोंड फिरवून डोळे पुसत होते.

याला वर्ष होत आलं. बाबांचं वजन वाढलंय. सकाळी छावणीच्या रस्त्याने फिरायला जातात, इराशी भांडतात, दर्शनाला महिन्यातून एकदा फोन करून "आमची बाल्कनी कशी आहे?" विचारतात. मी मात्र अजून फाइल बंद केलेली नाही. आमच्या घराचा फोटो कुठे गेला होता का, ते तपासलं. कोणी ओळखीचं त्या बाजूला गेलं होतं का, तेही विचारून झालं. हाती काही लागलं नाही. एकेक गोष्ट सुटी घेतली तर योगायोग म्हणता येईल... सगळ्या एकत्र ठेवल्या की माझं डोकं चालत नाही.

एक गोष्ट मी अजून कोणालाच सांगितलेली नाही. हॉस्पिटलमधल्या त्या शेवटच्या आठवड्यांत, दुपारच्या वेळी, आईचे ओठ कधी कधी हलायचे. काहीतरी चवीने चोखल्यासारखे. मी सिस्टरला बोलावलं की ती म्हणायची, "दीदी, रिफ्लेक्स है, ऐसा होता है." तेव्हा मला ते पटलं होतं. आजही डॉक्टरी भाषेत तेच खरं असेल.

तुमच्यापैकी कोणाला याचं सरळ, पटण्यासारखं कारण सुचलं, तर मला जरूर कळवा. मी शांतपणे वाचेन. फक्त आमच्या बाबांना सांगू नका.